समुद्रात परत फेकलेली मासळी

इ. स. १३७६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे एक अर्ज आला. राजा तिसरा एडवर्ड त्या वेळी गादीवर होता. अर्जाचा रोख एका नव्या जाळ्याविरुद्ध होता. हे जाळे समुद्राच्या तळावरून ओढले जाई, आणि त्याची वीण इतकी बारीक असे की अगदी लहान मासाही तिच्यातून निसटत नसे. जाळ्याच्या ओझ्याखाली तळावरील वनस्पती चिरडल्या जातात, अशी तक्रार अर्जात होतीच. परंतु तीत आणखी एक विलक्षण गोष्ट नमूद केलेली होती. या जाळ्यात बारीक मासळी एवढी सापडते की तिचे काय करावे हे पकडणाऱ्यांनाही उमगत नाही. अखेरीस ती डुकरांना चारून त्यांना पुष्ट करण्यात येते, असे अर्जदारांचे म्हणणे होते. जाणकारांकडून या प्रकरणाची चौकशी व्हावी, असे त्यावर ठरले.

या घटनेला आता साडेसहाशे वर्षे होत आली. शिडाची होडी गेली, वाफेची नौका आली आणि गेली, आणि आज डिझेल यंत्रावर चालणारी, समुद्राच्या तळाचा वेध घेणाऱ्या साधनांनी सज्ज असलेली जहाजे मासेमारी करतात. तथापि त्या अर्जाने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही. जी मासळी कोणाला नको असते ती जाळ्यात येते, मरते आणि बहुधा समुद्रातच परत फेकली जाते.

मत्स्यशास्त्रज्ञ जाळ्यात आलेल्या जीवांचे तीन भाग कल्पितात. ज्या जातीसाठी जाळे टाकले ती इष्ट मासळी. तिच्याबरोबर ओघाने सापडलेली ती आनुषंगिक मासळी. आणि या सर्वांतून जी पुन्हा पाण्यात टाकली जाते ती त्याज्य मासळी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१० ते २०१४ या काळात जगातील समुद्रांत दर वर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी अशा रीतीने फेकली गेली. म्हणजे समुद्रातून काढलेल्या दर शंभर किलोपैकी जवळजवळ अकरा किलो मासळी किनारा न पाहताच नाहीशी झाली. यातील निम्म्याच्या आसपास वाटा तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा होता.

जाळ्याची रचना आणि तिचा दोष

हे असे का घडते हे समजण्यासाठी ट्रॉल जाळ्याची रचना प्रथम पाहिली पाहिजे. हे जाळे एखाद्या प्रचंड नरसाळ्यासारखे असते. त्याचे तोंड रुंद, पुढे ते निमुळते होत जाते आणि अखेरीस एका लांबट खोळीत संपते. तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या बांधलेल्या असतात. नौका पुढे चालू लागली की पाण्याच्या रेट्याने या फळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळे पसरते. तोंडाच्या खालच्या कडेला वजनदार दोर असतो. तो तळावरून घासत जातो आणि तळाशी बसलेले मासे व कोळंबी यांना उठवितो. मासे काही काळ जाळ्याच्या तोंडाशी त्याच वेगाने पोहत राहतात, अखेर थकतात आणि मागे खोळीत जाऊन पडतात. काही तासांनंतर जाळे वर ओढले जाते.

जाळे काय धरील आणि काय सोडील हे खोळीच्या घरांवर अवलंबून असते. या घराला कोकणातील मच्छीमार ‘आस’ म्हणतात. आस मोठा असेल तर लहान मासे निसटावेत, अशी अपेक्षा असते. परंतु नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळ्यावर ताण पडला की तो लांबीच्या दिशेने खेचला जातो व मिटतो. खोळ जसजशी भरत जाते तसतसा ताण वाढतो, आणि जी वाट लहान माशांसाठी ठेवलेली असते ती ऐन वेळी बंद होते. शिवाय आधी आलेले मासे आसांवर दाटून बसतात व मागाहून येणाऱ्यांची वाट अडवितात. त्यामुळे जाळे कागदावर जेवढे सोडते तेवढे पाण्यात सोडत नाही.

शीत समुद्रात एका ठिकाणी माशांच्या जाती थोड्या व संख्या मोठी, असे पुष्कळदा आढळते. उष्ण कटिबंधातील समुद्राची गोष्ट निराळी आहे. तेथे एकाच तळावर कोळंबीबरोबर लेप, ढोमा, वाकटी, खेकडे, माकूल, तारामासे आणि शेकडो जातींची पिले राहतात. कोळंबी बारीक असल्यामुळे तिच्यासाठी आस लहान ठेवावा लागतो, आणि लहान आसातून बाकीचेही सुटत नाहीत. म्हणूनच उष्ण प्रदेशातील कोळंबीची ट्रॉल मासेमारी या बाबतीत जगात सर्वांत सदोष ठरली आहे. २००५ मध्ये अन्न व शेती संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा मासेमारीत एकूण पकडीच्या शेकडा साठांहून अधिक भाग फेकला जातो, असे दिसून आले होते.

मासळी का फेकली जाते

कष्टाने ओढून काढलेली मासळी मच्छीमार फेकतो ती हौसेने नव्हे. नौकेवरील खणात जागा मोजकी असते, बर्फ मोजका असतो, आणि दोघांवरही खर्च झालेला असतो. ज्या मासळीला बाजारात भाव नाही तिच्यावर बर्फ घालणे परवडत नाही. कधी मासळी चांगली असते, पण मागाहून तिच्याहून मोठी सापडते. तेव्हा लहान काढून मोठी भरली जाते. कधी जाळ्याच्या दाबाने मासे चेंगरलेले असतात. ही झाली बाजाराची कारणे.

दुसरी कारणे कायद्याने निर्माण केलेली आहेत, आणि ती अधिक चमत्कारिक आहेत. लहान माशांना वाढू द्यावे म्हणून अनेक देशांनी प्रत्येक जातीची किमान लांबी ठरवून दिली; तिच्याहून लहान मासा बंदरावर आणणे हा गुन्हा ठरला. एका जातीचा अतिरिक्त उपसा होऊ नये म्हणून तिच्या वार्षिक पकडीची मर्यादा ठरविली गेली. मर्यादा संपल्यानंतर तो मासा आणणे हाही गुन्हा ठरला. उद्देश निःसंशय चांगला होता. परंतु जाळ्याला कायदा वाचता येत नाही. लहान मासा जाळ्यात येतच राहिला, मर्यादा संपलेली जातही येत राहिली. आणि गुन्हा टाळण्याचा एकच मार्ग मच्छीमारापुढे उरला, तो म्हणजे मासळी पुन्हा पाण्यात टाकणे.

पाण्यात टाकलेला मासा जगला तर या साऱ्यात फारसे बिघडले नसते. काही जीव जगतातही. खेकड्यांसारखे कवचधारी प्राणी आणि काही चपटे मासे, लवकर व हळुवारपणे सोडले तर, तग धरू शकतात. कॉडसारख्या माशाची स्थिती मात्र वेगळी आहे. त्याच्या शरीरात हवेने भरलेली पिशवी असते; तिला वाताशय म्हणतात. शंभर मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे अकरा पट असतो. तेथून मासा वेगाने वर आणला की ही हवा फुगते, वाताशय फुटतो आणि आतील अवयव दुखावतात. त्यातून तो वाचला तरी खोळीतील चेंगराचेंगर आणि डेकवरील उघडी हवा त्याला पुरी पडते. बहुतेक मासे पाण्यात पडतात ते मेलेले किंवा मरणाच्या दारात असलेले.

या मेजवानीवर जगणारे पक्षीही आहेत. उत्तर समुद्रात ट्रॉलरमागून समुद्रपक्ष्यांचे थवे उडत जातात. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवर स्कुआ नावाचा मोठा शिकारी पक्षी या आयत्या अन्नावर पुष्कळ वाढला. फेकलेली मासळी कमी झाली तेव्हा हेच पक्षी इतर समुद्रपक्ष्यांना मारून खाऊ लागले, असे संशोधकांना २००४ पर्यंतच्या निरीक्षणांत आढळून आले. समुद्रात टाकलेली वस्तू कोठेतरी जातेच, आणि तिच्याभोवती एक नवी व्यवस्था उभी राहते, याचे हे उदाहरण होय.

उत्तर समुद्राचा अनुभव

ब्रिटन, डेन्मार्क, हॉलंड व नॉर्वे यांच्या मध्ये असलेला उत्तर समुद्र ही या प्रश्नाची जुनी प्रयोगशाळा म्हणता येईल. १८८० नंतर येथे वाफेच्या ट्रॉलर नौका आल्या. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्स्ले या थोर जीवशास्त्रज्ञाने समुद्रातील मोठ्या मत्स्यसाठ्यांचा अंत बहुधा होणार नाही असे मत मांडले होते. पुढील अनुभवाने हे मत टिकले नाही. १९०२ मध्ये कोपनहेगन येथे समुद्राच्या संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि १९४६ मध्ये लंडन येथे झालेल्या कराराने जाळ्यांचे आस व माशांची किमान लांबी यांविषयी नियम घालून दिले. १९८३ पासून युरोपीय देशांनी जातवार पकडमर्यादा वाटून घेतल्या.

उत्तर समुद्रात कॉड, हॅडॉक व व्हाइटिंग हे मासे एकाच पाण्यात मिसळून राहतात. एका नौकेला हॅडॉक पकडण्याची मुभा आहे, पण तिची कॉडची मर्यादा संपली आहे, अशी स्थिती वारंवार येई. ती नौका हॅडॉक ठेवी आणि कॉड फेकी. कॉडचा साठा जेव्हा सर्वांत क्षीण झालेला होता, त्याच काळात हे घडत होते. कॉड वाचविण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे मेलेला कॉड समुद्रात जाई, आणि बंदराच्या नोंदवहीत त्याचा उल्लेखही नसे. नोंद नसल्यामुळे साठ्याचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्रज्ञांचे गणितही अडे. कारण किती मासे मेले हे ठाऊक असल्याखेरीज किती उरले हे सांगणे कठीण असते.

ऑगस्ट २००८ मध्ये घडलेल्या एका प्रसंगाने ही विसंगती जगापुढे आणली. नॉर्वेच्या हद्दीत मासेमारी करून परतणाऱ्या एका ब्रिटिश ट्रॉलरचे नॉर्वेच्या तटरक्षक दलाने चित्रीकरण केले. हद्द ओलांडून ब्रिटिश पाण्यात येताच त्या नौकेने सुमारे पाच टन मासळी समुद्रात टाकून दिली. सीमारेषेच्या एका बाजूला मासळी फेकणे हा गुन्हा होता; दुसऱ्या बाजूला त्याच मासळीतील काही भाग बंदरावर नेणे हा गुन्हा होता.

नॉर्वेचा मार्ग

नॉर्वेने हा पेच आधीच ओळखला होता. १९८० नंतरच्या काही वर्षांत उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात कॉडची पिले मोठ्या प्रमाणात वाढत होती आणि ती जाळ्यांत सापडून फेकली जात होती. १९८७ मध्ये नॉर्वेने कॉड व हॅडॉक फेकण्यावर बंदी घातली. पुढे टप्प्याटप्प्याने इतर जाती तिच्याखाली आल्या आणि २००९ पासून लागू झालेल्या सागरी संपत्तीच्या कायद्याने पकडलेली मासळी किनाऱ्यावर आणणे हा सर्वसाधारण नियम झाला.

केवळ बंदीने काम भागत नाही हे मात्र नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी ध्यानात घेतले. मर्यादेबाहेरची मासळी आणणाऱ्यास शिक्षा केली तर तो ती पुन्हा चोरून फेकील. पूर्ण भाव दिला तर तो मुद्दाम पकडील. म्हणून अशा मासळीची विक्री करून मच्छीमाराला किमतीचा सुमारे पाचवा भाग द्यावा, उरलेली रक्कम विक्री संघाकडे जमा व्हावी, अशी तडजोड करण्यात आली. आणण्याचे श्रम वाया जात नाहीत आणि पकडण्याचा मोहही होत नाही, असा हा हिशेब होता. दुसरा उपाय क्षेत्र तात्पुरते बंद करण्याचा. एखाद्या ठिकाणच्या पकडीत लहान माशांची संख्या शेकडा १५ च्या वर गेली की ते क्षेत्र मासेमारीला बंद केले जाते आणि पिले मोठी होऊन हलली की पुन्हा उघडले जाते. तिसरा उपाय जाळ्याच्या रचनेतील सुधारणेचा होता. त्याचे वर्णन पुढे येईल.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये आपले धोरण बदलले. २०१५ पासून २०१९ पर्यंत क्रमाक्रमाने मर्यादित जातींची सर्व पकड किनाऱ्यावर आणणे बंधनकारक झाले. परंतु २०१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहातील समितीने पाहणी केली तेव्हा बंदरांवर लहान मासळीचे ढीग यावयास हवे होते ते आलेले दिसले नाहीत. याचा सरळ अर्थ असा की मासळी फेकणे चालूच होते. भर समुद्रात, रात्रीच्या अंधारात, कोणत्या नौकेने काय फेकले हे पाहावयास कोण जाणार? म्हणून २०२३ च्या युरोपीय नियमाने नियमभंगाची शक्यता अधिक असलेल्या, १८ मीटर व त्याहून लांब नौकांवर कॅमेरे बसविण्याची तरतूद केली.

जेलीमासा आणि दोन मच्छीमार

कायद्याला जे जमले नाही ते काही अंशी लोखंडी गजांच्या एका चौकटीला जमले. तिचा जन्म मात्र प्रयोगशाळेत झाला नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सिंकी बून नावाचा कोळंबी पकडणारा मच्छीमार होता. जेलीमाशांच्या मोसमात त्याचे जाळे त्या बुळबुळीत ओझ्याने भरून जाई. १९६० नंतरच्या दशकात त्याने जाळ्यात तिरकी चौकट बसविली. कोळंबी गजांमधून मागे खोळीत जाई आणि जेलीमासा चौकटीवरून घसरत एका छिद्रातून बाहेर पडे. हीच चौकट कासवांनाही बाहेर काढते, असे पुढे लक्षात आले. नॉर्वेच्या नॉर्डमोर भागातही एका कोळंबी मच्छीमाराने जेलीमाशांपासून सुटका व्हावी म्हणूनच तशी चौकट तयार केली. तिच्या गजांमधील अंतर १९ मिलिमीटर ठेवल्यावर कोळंबी आत जाते आणि कॉडची पिले वरच्या वाटेने निसटतात, असे प्रयोगांनी सिद्ध झाले. १९९० नंतर थोड्याच वर्षांत नॉर्वेच्या कोळंबी मासेमारीत ती सक्तीची झाली.

कासवाच्या बाबतीत या चौकटीचे महत्त्व सहज पटण्यासारखे आहे. समुद्री कासव पाण्यात राहत असले तरी हवेत श्वास घेते. तासन्‌तास चालणाऱ्या ट्रॉल जाळ्यात ते अडकले की गुदमरून मरते. ओडिशाच्या किनाऱ्यावर गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यासाठी लाखांच्या संख्येने येतात; त्याच पाण्यात ट्रॉलरही फिरत असल्यामुळे मेलेली कासवे वाळूवर वाहून येण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडत आले आहेत.

अमेरिकेने १९८७ मध्ये आपल्या मच्छीमारांना ही चौकट सक्तीची केली आणि १९८९ च्या कायद्याने आयात कोळंबीलाही तशीच अट घातली. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. १९९८ च्या निर्णयात कासवांच्या रक्षणाचा हेतू योग्य ठरला. परंतु अमेरिकेने सर्व देशांना सारखी वागणूक दिली नाही, हा दोषही दाखविण्यात आला. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय नौकांना सोयीची चौकट तयार केली. तरीही ती जाळ्यात बसविण्याबाबत मच्छीमार नाखूष राहिले. कासवाबरोबर थोडी मासळीही त्या वाटेने जाते, आणि ते नुकसान ज्याचे त्यालाच सोसावे लागते. २०१९ मध्ये अमेरिकेने समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी घेण्याचे बंद केले. या नुकसानीची झळ समुद्रातून कोळंबी पकडणाऱ्या साऱ्या व्यवसायाला लागली.

भारताच्या किनाऱ्यावर

भारतातील यांत्रिक मासेमारीच्या इतिहासात नॉर्वेचे नाव आरंभीच येते. १९५२ च्या ऑक्टोबर महिन्यात भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून केरळमधील कोल्लमजवळ नींडकरा व शक्तीकुलंगरा या भागात काम सुरू झाले. लहान यांत्रिक नौका, बर्फ, पिण्याचे पाणी आणि आरोग्यसेवा यांच्या योगाने मच्छीमारांचे जीवन सुधारावे, हा या योजनेचा हेतू होता. परंतु याच काळात गोठविलेल्या कोळंबीला अमेरिकेत मोठी मागणी निर्माण झाली. पुढील दशकात लहान ट्रॉलरांची संख्या झपाट्याने वाढली. एकट्या कोळंबीच्या किमतीत साऱ्या फेरीचा खर्च निघू लागला, तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या बाकीच्या मासळीकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही.

हीच बाकीची मासळी किनाऱ्याजवळ होडीने मासेमारी करणाऱ्या गरीब कुटुंबांचे अन्न व उत्पन्न होती. ट्रॉलरवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात त्यावरून तीव्र संघर्ष झाला. केरळने १९८० मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला. महाराष्ट्राने १९८१ मध्ये केला. दीर्घ आंदोलनानंतर १९८८ पासून केरळात पावसाळ्यात ट्रॉल मासेमारीला बंदी होऊ लागली.

नंतरच्या काळात नौका मोठ्या झाल्या आणि एका दिवसाऐवजी आठ-दहा दिवसांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेरीच्या पहिल्या दिवसांतील क्षुल्लक किमतीची मासळी फेकून द्यावयाची आणि परतीच्या एकदोन दिवसांतील तेवढी ठेवावयाची, अशी रीत पडली. मग आणखी एक बदल घडून आला. कोंबड्यांच्या आणि तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीच्या खाद्यासाठी माशांच्या भुकटीची मागणी वाढली. एक किलो भुकटीसाठी चार ते पाच किलो ओली मासळी लागते, आणि भुकटीला मासा कोणता व केवढा याचे सोयरसुतक नसते. जी मासळी पूर्वी समुद्रात जात असे तिला आता किनाऱ्यावर गिऱ्हाईक मिळाले. फेकण्याचे प्रमाण घटले.

ही सुधारणा आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. १९९४ मधील पाहणीने जगभर फेकल्या जाणाऱ्या मासळीचा अंदाज वर्षाला सुमारे २ कोटी ७० लाख टन एवढा केला होता; आजचा अंदाज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. गणनेच्या पद्धती भिन्न असल्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. घट झालेली आहे हे खरे. तिचा काही भाग सुधारलेल्या जाळ्यांमुळे झाला. परंतु काही भाग असा आहे की त्यात पिलांचे मरण टळलेले नाही, केवळ त्यांना गिऱ्हाईक मिळाले आहे. फेकलेली मासळी शून्यावर आली आणि पकडलेली पिले तेवढीच राहिली, तर समुद्राच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. उलट, ज्या पिलांना पूर्वी भाव नव्हता त्यांना भाव आल्यामुळे ती टाळण्याचे कारणही नाहीसे होते. १३७६ च्या अर्जातील डुकरांची जागा कोंबड्यांनी घेतली, एवढाच काय तो फरक.

निवड पाण्यातच झाली पाहिजे

लहान मासा पकडण्यात नुकसान किती होते हे साध्या गणिताने समजते. मासा वाढताना त्याचा आकार साधारणतः तसाच राहतो. म्हणून लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते. दहा सेंटिमीटरचा बांगडा वीस सेंटिमीटरचा झाला तर तो आठ लहान बांगड्यांच्या वजनाचा भरतो, आणि भुकटीच्या भावाऐवजी ताटातल्या माशाचा भाव घेतो. शिवाय तेवढ्या अवधीत बहुधा त्याने एकदा तरी अंडी घातलेली असतात. सारीच पिले वाढत नाहीत, पुष्कळशी इतर माशांच्या पोटात जातात. तरीही हिशेबाचा कल स्पष्ट आहे.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतीय जातींच्या वाढीचा अभ्यास करून पकडीस योग्य अशी किमान लांबी सुचविली. त्या आधारावर केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी नियम केला. त्यात तारलीसाठी १० सेंटिमीटर, बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर अशा मर्यादा होत्या. २०१७ मध्ये ही यादी ५८ जातींपर्यंत वाढविली गेली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसाच नियम केला.

येथे उत्तर समुद्राचा अनुभव विसरून चालणार नाही. किमान लांबीचा नियम फक्त बंदरावर लागू केला आणि जाळे जुनेच ठेवले, तर लहान मासा बंदरावर दिसेनासा होईल. तो मेलेल्या स्थितीत पुन्हा समुद्रात जाईल. म्हणून मोजपट्टीबरोबर जाळेही बदलले पाहिजे. त्याचा एक सोपा उपाय उपलब्ध आहे. शंकरपाळ्याच्या आकाराऐवजी खोळीचे आस चौकोनी ठेवले तर ताण आडव्या-उभ्या धाग्यांवर पडतो आणि आस मिटत नाही. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची खोळ सुचविली आहे, आणि गुजरात, महाराष्ट्र यांसारख्या किनारी राज्यांच्या नियमांतही ती आलेली आहे. याच संस्थेने कोळंबी व मासे वेगळे करून पिलांना बाहेर सोडणारी चौकटही तयार केली. जाळे बदलण्यास लागणारे ज्ञान देशात आहे. खर्चही एका फेरीच्या डिझेलाच्या मानाने फार नाही.

अडचण अन्यत्र आहे. एका मच्छीमाराने मोठा आस वापरला तर त्याच्या जाळ्यातून सुटलेला मासा शेजारच्या नौकेच्या बारीक जाळ्यात जातो. झीज एकाची, लाभ दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होतो. त्यामुळे शहाणा मच्छीमारही एकट्याने पाऊल टाकण्यास कचरतो. त्याला लोभी म्हणून भागत नाही. बँकेचा हप्ता, डिझेलाचे बिल आणि खलाशांचा वाटा त्याला या फेरीत द्यावयाचा असतो. सुटलेला मासा वाढून येईल तो पुढच्या वर्षी, आणि तो कोणाच्या जाळ्यात येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून नियम सर्वांना एकाच दिवशी आणि सारखाच लागू झाला पाहिजे, आणि तो मोडणाऱ्याला बंदरातील सर्वांनी अडविले पाहिजे. पावसाळ्यातील बंदी ज्या किनाऱ्यांवर टिकली तेथे ती याच कारणाने टिकली.

जाळे डेकवर आल्यानंतर मच्छीमाराने काय ठेवावे व काय फेकावे, याची चर्चा अनेक शतके चालत आली. तोवर मासा मेलेला असतो, आणि त्या वेळी केलेली निवड समुद्राला उपयोगी पडत नाही. ज्याला वाढू द्यावयाचे त्याला पाण्यातच वाट ठेवावी लागते. आणि ती वाट किती मिलिमीटर रुंद असावी हे जाळे विणले जात असतानाच ठरत असते.